झेब्रा हॉवर्थिया घरात कसं सांभाळावं

गडद हिरवी टोकदार पानं आणि त्यांवर पांढऱ्या आडव्या रेघा. तळहातात मावणाऱ्या कुंडीतलं हे रोप नर्सरीत झेब्रा प्लँट म्हणून विकतात. (मोठ्या पानांच्या, पिवळ्या फुलांच्या अफेलांड्रालाही झेब्रा प्लँटच म्हणतात. ते झाड वेगळं, त्याची निगाही वेगळी.) आपलं हे रोप कोरफडीच्या भावकीतलं आहे. त्याचं मूळ घर दक्षिण आफ्रिकेतला ईस्टर्न केप प्रांत. तिथे ते खडकाळ जमिनीत, झुडपांच्या आडोशाला वाढतं. भर उन्हात नाही आणि पाणी तुंबतं तिथेही नाही. एवढं ध्यानात ठेवलं की निम्मं काम झालं.

आधी मुळं बघा

रोप घरी आणलं की लगेच पाणी घालू नका. कुंडीच्या कडा चेपून गोळा सैल करा आणि खालून ढकलून बाहेर काढा. पानांना धरून ओढू नका. बहुतेक वेळा मुळांभोवती कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) घट्ट गोळा असतो. तो बाहेरून कोरडा दिसला तरी आत दमट असतो, म्हणून बोटांनी हळूहळू सोडवून टाका. चांगलं मूळ पांढरट, जाड आणि चिमटीत भरीव लागतं. कुजलेलं तपकिरी असतं. ते दाबलं की वरची साल सरकून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. असली मुळं स्वच्छ कात्रीने कापा आणि रोप दोन-तीन दिवस सावलीत उघडंच राहू द्या. त्याला काही होत नाही, पाण्याचा साठा पानांत आहे.

माती आणि कुंडी

एक भाग बागेची भुसभुशीत माती, मूठभर गांडूळखत आणि दोन भाग जाड वाळू किंवा परलाइट (मातीत मिसळायचे पांढरे, हलके दाणे). परलाइट मिळालं नाही तर विटेचे वाटाण्याएवढे तुकडे चालतात. बांधकामावरची मैद्यासारखी बारीक वाळू नको, ती मातीत घट्ट बसते. काळी माती तर अजिबात नको. ओली झाली की चिकटते, सुकली की भेगाळते, आणि मुळांचे दोन्हीकडून हाल.

कुंडी मातीची, तळाला भोक असलेली, रोपापेक्षा बोटभर रुंद एवढीच घ्या. मोठ्या कुंडीत रोप छान पसरेल असं वाटतं, पण तिथे मुळं पोचत नाहीत तेवढी माती ओलीच राहते. लावल्यावर चार-पाच दिवसांनी पहिलं पाणी.

जागा

पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेची असेल तर मध्ये पातळ पडदा हवा. पानं लालसर-तपकिरी व्हायला लागली तर ऊन जास्त होतंय. फिकट पडून लांब, विस्कटल्यासारखी झाली तर उजेड कमी पडतोय. जागा बदलायची तर आठवडाभरात थोडी थोडी बदला.

पाणी

बहुतेक रोपं इथेच दगावतात. हे रोप पानांची रंध्रं रात्री उघडतं आणि दिवसा मिटून घेतं, त्यामुळे त्याला पाणी फार पुरवून वापरता येतं. आपण मात्र तुळशीला घालतो तसं रोज घालायला जातो.

वारांवर जाऊ नका, मातीला विचारा. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खोचा, पाच मिनिटांनी काढा. काडी गडद झाली किंवा तिला माती चिकटून आली तर पाणी घालायचं नाही. अगदी कोरडी निघाली तरच घालायचं, आणि मग खालच्या भोकातून वाहेपर्यंत. बशीत साचलेलं ओतून द्या. उन्हाळ्यात साधारण दहा-बारा दिवसांनी, थंडीत पंधरा-वीस दिवसांनी वेळ येते, पण खरी काडीच. पाणी मातीवर घाला, पानांच्या मधल्या गाभ्यात नको.

पावसाळ्याचं गणित वेगळं. माझं पहिलं रोप जुलैत गेलं. ते ग्रिलमध्ये होतं, पावसाचे तुषार येत होते, आणि मी वरून नेमाने पाणीही घालत होते. वरून हिरवंगार दिसत होतं. एक दिवस धूळ पुसताना मधलं पान हलकंसं ओढलं गेलं आणि अख्खा गाभा हातात आला. तळाला पिवळट, पाणचट, आंबूस वासाचा. तेव्हापासून जूनमध्ये पहिला पाऊस लागला की रोप आत, वारा खेळेल अशा जागी. हवा दमट असते तेव्हा तीन-तीन आठवडे पाण्याची गरज पडत नाही.

तहानलेल्या रोपाची बाहेरची पानं बारीक होतात, सुरकुततात, पण टणक असतात. ती पाण्याने दोन-चार दिवसांत भरून येतात. मऊ, पारदर्शक पान म्हणजे कुजणं. तिथे पाणी घातलं तर उरलंसुरलंही जातं.

खत आणि कीड

खताची फार भूक नाही. पावसाळा सरल्यावर एकदा, अर्ध्या मात्रेने पातळ केलेलं द्रवखत पुरतं.

पानांवरचे पांढरे उंचवटे कीड समजून खरवडू नका. ते पानाचाच भाग आहेत. पानांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं आणि बोटाने पुसलं गेलं, तर ते पिठ्या ढेकूण. इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढा, आठवड्याने पुन्हा तपासा. मांजर-कुत्र्याच्या घरातही हे रोप निर्धास्त ठेवा, त्यांना ते विषारी नाही.

पिल्लं वेगळी करणं

वर्ष-दीड वर्षात बुडाशी पिल्लं फुटतात. घाई नको, पिल्लू आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढं होऊ द्या. मग रोप बाहेर काढून पिल्लू त्याच्या मुळांसकट अलगद सोडवा. जखम दोन-तीन दिवस सुकवा आणि छोट्या कुंडीत लावा. पहिले काही आठवडे काहीच हालचाल दिसत नाही. उपटून बघू नका. मध्यभागी एक नवं, फिकट हिरवं टोक डोकावलं की समजा, मुळं धरली.