भूमिगत कोळसा खाणीतलं पाणी मोजताना या चुका टाळा

पंप किती तास चालला ते रजिस्टरमधून घ्यायचं, त्याला पंपाच्या प्लेटवरच्या क्षमतेनं गुणायचं आणि आलेल्या आकड्याला खाणीत येणारं पाणी म्हणायचं. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतच नाही. पण प्लेटवरची क्षमता नव्या पंपाची असते. रेती आणि कोळशाची बुकणी ओढून इंपेलर (पंपाच्या आतलं फिरतं चाक) झिजला की तोच पंप तेवढ्याच तासांत बरंच कमी पाणी फेकतो. डिलिव्हरी पाइप गळत असेल तर गळलेलं पाणी पुन्हा सम्पमध्ये (खाणीतलं पाणी गोळा होतं त्या खड्ड्यात) येतं आणि दोनदा मोजलं जातं. गोफात (कोळसा काढून झाल्यावर राहिलेल्या पोकळीत) रेती भरण्यासाठी आणि धूळ दाबण्यासाठी वरून सोडलेलं पाणीही याच सम्पमध्ये उतरतं. ते वजा केलं नाही, तर आपण स्वतःच आत सोडलेलं पाणी भूजल म्हणून कागदावर चढतं.

माझं ठाम मत आहे की पाणी बाहेर पडतं तिथे मोजून थांबू नये, ते आत येतं तिथेही मोजावं. प्रत्येक पॅनेलच्या (कोळसा काढायच्या विभागाच्या) नालीवर व्ही-नॉच, म्हणजे प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच असलेली पाटी, बसवायला फार खर्च येत नाही. मात्र ती वाचताना खूप काळजी घ्यावी लागते. ९० अंशांच्या खाचेवर पाण्याची उंची १० सेंमी असेल तर प्रवाह मिनिटाला साधारण २६० लिटर असतो. ११ सेंमी असेल तर ३३० लिटर! एका सेंटिमीटरची चूक म्हणजे पाव हिश्शाहून जास्त फरक. उंची खाचेच्या तोंडाशी वाचू नका, तिथे पाणी वाकून खाली गेलेलं असतं. उंचीच्या तीन-चार पट अंतर मागे पट्टी ठेवून वाचा. मागे गाळ साचला असेल तर आधी तो काढा, पाणी स्थिर होऊ द्या आणि मग आकडा लिहा.

नमुना बरोबर, पण जागा चुकीची

सम्पमध्ये सगळ्या दिशांचं पाणी एकत्र येतं. त्यात बुकणी असते, तेल असतं, स्फोटकांतला नायट्रेट असतो. एवढ्या एका बाटलीवरून पाणी कुठून येतंय हे कळणं अशक्य. छतातून ठिबकणारं, गोफातून येणारं आणि बोअरहोलमधून येणारं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घ्या.

पीएच आणि ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) तिथल्या तिथेच मोजा. बाटली वर येऊन प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. पाण्यात लोह भरपूर असेल तर उलट तो घसरतो. एका खाणीत लोहाचा अहवाल दर वेळी जवळपास शून्य यायचा, आणि नाल्या मात्र तांबड्या गाळानं भरलेल्या! बाटलीत आम्ल घातलेलंच नव्हतं. लोह तळाशी बसत होतं आणि वरच्या नितळ पाण्याची तपासणी होत होती. धातूंसाठीचा नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि नायट्रिक आम्लानं पीएच २ च्या खाली आणा. क्रम उलटा केलात तर गाळातले धातूही विरघळून आकडा फुगतो.

पीएच ७ आला की "पाणी चांगलं आहे" असं म्हणून मोकळं होणं ही आणखी एक चूक. पायराइटपासून (लोह आणि गंधकाच्या खनिजापासून) तयार झालेलं आम्ल खडकातल्या कार्बोनेटनं शमवलं, तरी सल्फेट आणि कठीणपणा पाण्यात तसाच राहतो. तो शेतीला आणि पिण्याला बाधतो.

पीझोमीटर आणि गावच्या विहिरी

वर्धा खोऱ्यात कोळसा बराकर नावाच्या खडकाच्या थरांत आहे आणि त्यांच्यावर बऱ्याच ठिकाणी पाणी धरणारा कामठी वालुकाश्म. एकच पीझोमीटर (भूजलाची पातळी मोजायचा नळ) दोन्हींत उघडा ठेवला तर वाचलेली पातळी यातल्या कुठल्याच थराची नसते. प्रत्येक थरासाठी वेगळा नळ हवा. गावातली उघडी विहीर बहुधा वरच्या झिजलेल्या थरातलं पाणी दाखवते, म्हणून तीही मोजा. पण मोटर बंद करून, पातळी सावरल्यावर. विहिरीचा कठडा नव्यानं बांधला तर मोजमापाचा बिंदू बदलतो आणि एका दिवसात पातळी "खाली गेलेली" दिसते. "आमची विहीर आटली" असं शेतकरी सांगतो तेव्हा आपली नोंद त्याच्यासमोर टिकली पाहिजे.

मोजणी पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात, नंतर आणि हिवाळ्यात, अशी चार वेळा तरी व्हावी. पॅनेलमधला प्रवाह मात्र रोज मोजा आणि पावसाचा आकडा त्याच ओळीत लिहा. पावसानंतर दोन दिवसांत प्रवाह वाढला आणि ईसी घसरली, तर आधी जमिनीवरच्या भेगा आणि नाल्याचं पात्र पाहा. पाऊस नसताना प्रवाह वाढला, पाण्यात सल्फेट जास्त आहे आणि सडक्या अंड्यासारखा वास येतोय, तर ते जुन्या गोफातलं साचलेलं पाणी असू शकतं. तिथे माणसं ठेवू नका. हा वास ज्या वायूचा असतो त्या हायड्रोजन सल्फाइडनं नाक बधिर होतं, त्यामुळे वास कमी झाला म्हणजे धोका टळला असं धरू नका.

जुन्या खोदकामाच्या नकाशावर डोळे झाकून विसंबू नका. झारखंडमधल्या बागडिगी खाणीत २ फेब्रुवारी २००१ ला शेजारच्या बंद खाणीतलं पाणी घुसून २९ कामगार गेले. चासनाळ्याच्या खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला असंच पाणी घुसून ३७५ गेले. जुन्या खोदकामाच्या ६० मीटरच्या आत खोदत पूर्वपरवानगीशिवाय जाता येत नाही, तो नियम अशाच पाण्याच्या भीतीपोटी आहे.

आकडा वाढला की सगळे धावतात, कमी झाला की हायसं वाटतं. पण नालीचा प्रवाह अचानक निम्म्यावर आला तर ते पाणी गोफात कुठे तरी अडून साचत असण्याची शक्यता असते. त्याच पाळीत ओव्हरमनला (पाळीवरच्या खाण-पर्यवेक्षकाला) कळवा, पॅनेल थांबवा आणि वरच्या बाजूची नाली कुठे तुंबली आहे ते शोधा.