निपाणीला जाण्याआधी: आठ बिट, पॅरिटी नाही

येत्या रविवारी निपाणीला जायचंय. एका तंबाखू व्यापाऱ्यांच्या माडीवर त्यांच्या वडिलांचं ३८६ मशीन, म्हणजे डॉसवर चालणारा जुना संगणक, आहे. आत जिस्ट कार्ड (संगणकावर भारतीय लिप्या दाखवणारं), डिस्कवर वडिलांची पत्रं आणि खतावणी, काही मराठीत, काही कानडीत. फ्लॉपी ड्राइव्ह बंद. म्हणजे ते सगळं माझ्या लॅपटॉपवर आणायला सिरीयल केबलशिवाय वाट नाही. यादी स्वतःपुरती लिहायला बसलो होतो, पण खानापूर, चिकोडी, बेळगावच्या जुन्या घरांत असली मशीनं अजून पडून आहेत आणि कुणीतरी कधीतरी ती उघडणारच, म्हणून नीट लिहितोय.

स्क्रू ड्रायव्हर, पॉवर कॉर्ड, टॉर्च, कोरडं फडकं: घ्या. यावर जास्त बोलायचं नाही.

मुद्दा हा. आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. म्हणजे केबलवरून जाणाऱ्या प्रत्येक अक्षरामागं शून्य-एकाच्या आठ खुणा, चूक पकडायचा जादा बिट (पॅरिटी) नाही, आणि अक्षर संपल्याची एक खूण. दोन्ही मशीनवर. कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि मॉनिटरला चिकटवा.

खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाची ग्रंथसूची मी अशीच काढायला गेलो होतो. पाऊस धो धो, करंट ये-जा करत होता, मला घाई झाली होती. जुन्या मशीनवर पोर्टाची मांडणी ठरवणाऱ्या मोड कमांडला मी कॉम १ (पहिला सिरीयल पोर्ट) आणि ९६०० (वेग) एवढंच सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही तर डॉसची मोड कमांड सात बिट आणि इव्हन पॅरिटी धरते. मग कॉपी कमांडनं फाइल थेट पोर्टात सोडली. लॅपटॉपवर पहिल्यांदा सगळंच अगम्य आलं, तेव्हा मी लॅपटॉपसुद्धा सात बिट, इव्हन करून टाकला. लगेच दाखल क्रमांक, किमती, इंग्रजी नावं स्वच्छ दिसायला लागली. मराठीच्या जागी कचरा होता, पण लॅपटॉपमध्ये जिस्ट नाही, तेव्हा मराठीचा कचराच दिसणार, असं मी धरून चाललो. फाइलचा आकार बाइटला बाइट जुळत होता. 'झालं' म्हणून मी कार्यवाहांना सांगितलं, आणि माझ्या शब्दावर त्यांनी ते मशीन फॉरमॅट करून देऊन टाकलं.

जिस्टमधली मराठी इस्की या कोडात असते, १९९१चं भारतीय मानक. पहिल्या १२८ जागा इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांच्या, आपली अक्षरं १६१च्या पुढं. आठवा बिट गेला की प्रत्येक अक्षरातून १२८ वजा होतात. क म्हणजे १७९. उरले ५१, आणि ५१ हा साध्या ३ या आकड्याचा कोड. 'कथा' या शब्दाचं '३सीझेड' होतं. आता त्याच ओळीत किंमत म्हणून खरा ३ असेल तर कुठला आकडा आणि कुठला क, हे फाइल सांगत नाही. काही नावं मी अंदाजानं जुळवली. बाकीची कागदी दाखलवहीवरून पुन्हा टाइप करतोय, आणि त्या वहीची काही पानं वाळवीनं खाल्ली आहेत. त्या पानांवरच्या पुस्तकांची नोंद आता कुठंच नाही.

म्हणून परत: आठ बिट, पॅरिटी नाही. कानडीलाही हेच लागू. इस्कीत मराठी क आणि कानडी क यांचा आकडा एकच असतो, लिपी कुठली ते वेगळ्या खुणेनं ठरतं. पत्र मराठीत आणि पत्ता कानडीत, हे आपल्या भागात नेहमीचं. एक चूक दोन्ही घेऊन जाते.

आणि कचरा कसला आहे ते बघायला शिका. विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये शाबूत इस्की उघडली की क च्या जागी वर टांगलेला बारीक तीन दिसतो, आजूबाजूला युरोपी मात्रा-टिंबांची अक्षरं. हा चांगला कचरा. साधा ३, साधी इंग्रजी अक्षरंच दिसली तर थांबा, काहीही पुसू नका, आठवा बिट गेलाय.

आता केबल. बाजारात नुसती 'सिरीयल केबल' मागितली की सरळ केबल मिळते, ती इथं उपयोगाची नाही. नल मोडेम हवी, म्हणजे एकाचं पाठवणं दुसऱ्याच्या ऐकण्याला जोडलेलं. दोन्हीकडं नऊ पिना असतील तर २ ला ३, ३ ला २, ५ ला ५. एकीकडं नऊ आणि दुसरीकडं पंचवीस असतील तर मात्र २ ला २, ३ ला ३ आणि ५ ला ७, कारण पंचवीसमध्ये २ आणि ३ यांची कामं मुळातच उलटी आहेत. इथं सवयीनं तारा फिरवल्या की केबल परत सरळ होते. तीन तारांवर केर्मिट (फाइली पाठवायचा जुना प्रोग्राम) चालेल, त्याच कामाचं डॉसचं इंटरलिंकही चालेल, पण इंटरलिंकच्या आर-कॉपीला सातही लागतात. घरीच डाग द्या आणि घरीच मल्टिमीटरनं एकेक पिन तपासा, तिथं माडीवर नाही. मागच्या बाजूचा पंचवीस भोकांचा सॉकेट प्रिंटरचा असतो. आपला पिनांचा. त्यात माऊस लावलेला असेल तर दुसरा पोर्ट शोधा. हल्लीच्या छोट्या बोर्डांचे पाच व्होल्टवाले सिरीयल अडॅप्टर इथं थेट जोडू नका, जुना पोर्ट उणे-अधिक बारा व्होल्टपर्यंत जातो, अडॅप्टर जळेल.

दोन्ही मशीनं एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर, आणि केबल लावताना दोन्ही बंद. यूपीएस न्या.

सीमॉसची, म्हणजे मशीनच्या सेटिंग्ज लक्षात ठेवणाऱ्या चिपची, बॅटरी मेलेली असणार. मशीन डिस्क ओळखणार नाही, म्हणून डिस्कवरच्या लेबलावरचे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे आधी टिपून घ्या.

सॉफ्टवेअर: मी डॉस ६.२२ असलेला, खरा सिरीयल पोर्ट असलेला जुना लॅपटॉप नेतोय. यूएसबी अडॅप्टर इंटरलिंकला दिसत नाही. फ्लॉपी नसताना जुन्या मशीनवर प्रोग्राम चढवायला इंटरसव्हरमध्ये (इंटरलिंकचा सर्व्हर) आर-कॉपीची सोय आहे. तो जुन्या मशीनवर टाइप करायला मोडची ओळ स्क्रीनवर देतो, त्यात एन (पॅरिटी नाही) आणि आठ स्पष्ट असतात. ती ओळ अक्षरशः तशीच टाइप करा. सर्व्हर जुन्या मशीनवर चालवा, म्हणजे त्याच्या कॉन्फिग फाइलला हात लावावा लागत नाही. हे जमलं तर बिटांचं इंटरलिंक स्वतः बघतं. नाही जमलं आणि जुन्या डिस्कवर केर्मिट सापडलं, तर दोन्हीकडं पॅरिटी नन आणि फाइलचा प्रकार बायनरी. दोन्हीकडं! एक्सऑन-एक्सऑफ नको, ते १७ आणि १९ हे दोन कोड रहदारीच्या खुणा म्हणून खातं. कॉपी कमांडनं पोर्टात काही सोडू नका, कधीच.

वेग ९६००पासून सुरू करा. सेकंदाला ९६० बाइट, म्हणजे एका मेगाबाइटला अठरा-एकोणीस मिनिटं. चालेल. जुन्या चिपमध्ये एकाच बाइटची जागा असते, उगाच पळवलं की बाइट गळतात.

खऱ्या फाइलच्या आधी जिस्टमध्ये पूर्ण बाराखडी टाइप करून एक फाइल करा. ती लॅपटॉपवर आणा, दुसऱ्या नावानं परत पाठवा, जुन्या मशीनवर एफसी स्लॅश बी लावून दोन्ही ताडून बघा. एकही फरक नको. आकार जुळला म्हणजे फाइल जुळली असं नाही, आठवा बिट गेला तरी आकार तोच राहतो.

मग पत्रं आधी, खतावणी नंतर. दोन प्रती, दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर. युनिकोड रूपांतर घरी आल्यावर. व्यापाऱ्यांना सांगायचं की डिस्क फॉरमॅट करू नका, मी फोन करेपर्यंत मशीनला हात नको. जेवायला थांबायचं नाही. आणि बारीक तीन दिसतोय का, ते माडीवरून उतरण्याआधी बघायचं.