बंदुकीच्या वादातला आकडा कसा तपासायचा

अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की काही तासांत आकडे फिरू लागतात. बंदुकांवर बंधनं हवीत म्हणणारेही आकडे देतात, नकोत म्हणणारेही देतात. अडचण अशी की त्यातले बरेच आकडे खरे असतात, पण वापरले चुकीच्या जागी जातात. म्हणून समोर आलेला दावा आधी एका ओळीत कागदावर उतरवा आणि त्याला चार प्रश्न विचारा: मृत्यू कोणता, बंदूक कोणती, किती लोकसंख्येमागे, आणि तुलना कशाशी? ही उत्तरं हातात नसताना बाजू घेऊ नका. यातला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी घरातला मृत्यू आहे, आणि चुकीच्या आकड्यावर बेतलेला उपाय तो मृत्यू टाळू शकत नाही.

मृत्यू वेगळे काढा

२०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं गेली. त्यांपैकी २७,३०० आत्महत्या आणि १७,९२७ खून. उरलेल्या सुमारे दीड हजारांत अपघात, पोलिसांच्या गोळीने झालेले मृत्यू आणि कारण निश्चित न झालेले मृत्यू येतात. म्हणजे दर १०० मृत्यूंत ५८ आत्महत्या. 'बंदुकीच्या हिंसाचाराने ४६ हजार बळी' असं वाचल्यावर डोळ्यांसमोर रस्त्यावरचा गोळीबार येतो, पण निम्म्याहून अधिक मृत्यू स्वतःच्याच हातून झालेले असतात. खुनांसाठी सुचवलेला उपाय या एकूण आकड्यावर मोजला की तो कुचकामी दिसतो, आणि आत्महत्या रोखणारा उपाय खुनांच्या आकड्यावर मोजला तरी तेच.

हे विभाजन स्वतः करता येतं. अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य संस्था सीडीसी हिच्या 'वंडर' या मोफत ऑनलाइन प्रणालीत मृत्यूच्या दाखल्यांवरची माहिती मिळते. तिथे मृत्यूच्या मूळ कारणाचा विभाग उघडा आणि आयसीडी-१० चे, म्हणजे आजार आणि मृत्यूंच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय यादीचे, कोड निवडा: एक्स७२ ते एक्स७४ बंदुकीने आत्महत्या, एक्स९३ ते एक्स९५ खून, डब्ल्यू३२ ते डब्ल्यू३४ अपघात, वाय२२ ते वाय२४ हेतू अनिश्चित, वाय३५.० पोलिसांची कारवाई. एक पथ्य पाळा. छोट्या काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) मृत्यू १ ते ९ असतील तर वंडर आकडा झाकून ठेवते, आणि २० पेक्षा कमी मृत्यूंवर काढलेला दर भरवशाचा नाही असा शेरा मारते. झाकलेला आकडा शून्य समजून बेरीज केली तर ती चुकणारच.

खुनांसाठी एफबीआयचे आकडेही वापरतात. २०२१ मध्ये तिथली नोंदपद्धत बदलली आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या मोठ्या शहरांच्या पोलिसांची वर्षभराची माहिती आलीच नाही. त्यामुळे त्या वर्षाची तुलना आधीच्या वर्षांशी थेट करू नका.

दर काढा

२०२१ मध्ये कॅलिफोर्नियात बंदुकीने ३,५७६ मृत्यू झाले, मिसिसिपीत ९६२. नुसतं एवढं सांगितलं तर 'कडक कायद्याच्या राज्यात चौपट मृत्यू' असं वाक्य सहज तयार होतं. लोकसंख्येने भागा आणि वयाचा फरक जुळवून घ्या: कॅलिफोर्निया दर लाखामागे ९.०, मिसिसिपी ३३.९. चित्र पार उलटतं.

दराची मोडतोड दुसऱ्या बाजूनेही होते. २०२१ चे ४८,८३० मृत्यू हा तोवरचा उच्चांक होता, पण दर लाखामागे १४.६ होता आणि १९७४ मध्ये तो १६.३ पर्यंत गेला होता. 'इतिहासात सर्वाधिक' हे संख्येबद्दल खरं, दराबद्दल खोटं.

मुलांबद्दलच्या दाव्यात वयोगट बघा. '१ ते १९' या गटात १८ आणि १९ वर्षांचे प्रौढ येतात आणि एक वर्षाखालची बाळं वगळलेली असतात. मात्र एवढ्यावरून दावाच मोडीत काढू नका. १ ते १७ असा गट धरला तरी अलीकडच्या वर्षांत बंदूक हेच मृत्यूचं पहिलं कारण ठरलं आहे.

'मास शूटिंग'ची व्याख्या विचारा

गन व्हायोलन्स आर्काइव्ह ही गोळीबाराच्या नोंदी ठेवणारी संस्था हल्लेखोर सोडून चार किंवा अधिक जणांना गोळी लागली की घटना मोजते, मग कुणी मेलं नसलं तरी. त्या हिशेबाने २०२१ मध्ये जवळपास ६९० घटना झाल्या. एफबीआय गर्दीच्या जागी लोकांना मारत सुटलेल्या बंदूकधाऱ्याची घटना वेगळी नोंदते, आणि त्याच वर्षी त्यांची संख्या ६१ होती. दोन्ही आकडे बरोबर आहेत, मोजलेली गोष्ट वेगळी आहे.

बंदूक कोणती, हे बघा

एफबीआयच्या २०२० च्या नोंदींत बंदुकीने झालेल्या १३,६२० खुनांपैकी ५९ टक्क्यांत हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) होती आणि ३ टक्क्यांत रायफल. या ३ टक्क्यांचा दाखला वारंवार दिला जातो. पण ३६ टक्के नोंदींत बंदुकीचा प्रकार सांगितलेलाच नाही किंवा 'इतर'मध्ये टाकला आहे. म्हणजे ३ टक्के ही किमान मर्यादा झाली. हँडगनचाच वाटा मोठा आहे, एवढं मात्र यातून ठामपणे म्हणता येतं.

स्वसंरक्षणाचा आकडा: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

'वर्षाला २५ लाख वेळा लोक बंदुकीने स्वतःचा बचाव करतात' हा आकडा १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, क्लेक आणि गर्ट्झ यांच्या फोनवरच्या पाहणीतून आला. पाच हजारांना थोडे कमी लोक विचारले गेले, आणि साधारण १.३ टक्के, म्हणजे साठ-पासष्ट माणसं, वर्षभरात बचावासाठी बंदूक वापरल्याचं म्हणाली. ते प्रमाण १९ कोटी प्रौढांना लावलं की २५ लाख होतात.

आता कागदावर हिशेब करा. समजा खरा प्रसंग हजारात एकावर येतो. पाच हजारांत असे ५ जण. उरलेल्या ४,९९५ पैकी फक्त एक टक्का लोकांनी चुकून, बढाईने किंवा दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग यंदाचा समजून 'हो' म्हटलं, तर ५० खोटे होकार जमा होतात. एकूण ५५. अंदाज अकरा पट फुगला. उलट दिशेची चूक फार तर त्या ५ जणांपुरती. दुर्मीळ घटना मोजणाऱ्या कुठल्याही पाहणीत हा सापळा असतोच.

सरकारच्या गुन्हेपीडितांच्या पाहणीतून निघणारा अंदाज वर्षाला साधारण ६० हजार ते १ लाख आहे. तोही कमी पडण्याची शक्यता आहे, कारण 'माझ्यावर गुन्हा घडला' असं आधी सांगणाऱ्यालाच बचावाबद्दल विचारतात. दोन्ही आकडे पद्धतीसकट सांगा. नुसता आकडा सांगणं म्हणजे वाचणाऱ्याला फसवणं.

कायद्याचा परिणाम बघताना

'कायदा आला आणि मृत्यू घटले' एवढं पुरेसं नाही. कायद्याआधीची किमान दहा वर्षं आलेखावर मांडा. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे ३५ जण मारले गेल्यावर सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. बंदुकीने होणारे मृत्यू तिथे त्याआधीच घटत होते, नंतर ते अधिक वेगाने घटले. कायद्याला श्रेय द्यायचं ते त्या वाढलेल्या वेगाचं, सगळ्या घसरणीचं नाही.

मग कायद्यातल्या पळवाटा वाचा. अमेरिकेची १९९४ ते २००४ ची असॉल्ट वेपन्सवरची (लष्करी धाटणीच्या सेमीऑटोमॅटिक बंदुकांवरची) बंदी आधीपासून लोकांकडे असलेल्या बंदुकांना लागूच नव्हती, त्यामुळे 'बंदी करून पाहिली, फरक पडला नाही' हा निष्कर्ष घाईचा आहे. केंद्रीय कायद्याने पार्श्वभूमी तपासणी परवानाधारक विक्रेत्याला बंधनकारक आहे, खासगी विक्रीला नाही. शिवाय तीन कामकाजी दिवसांत उत्तर आलं नाही तर विक्रेता बंदूक देऊ शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला याच फटीतून पिस्तूल मिळालं होतं. 'शिकागोत कायदे कडक, तरी गोळीबार होतोच' असं उदाहरण कुणी दिलं तर शहराच्या २०१७ च्या अहवालाकडे बोट दाखवा: गुन्ह्यांत सापडलेल्या, माग लागलेल्या बंदुकांपैकी सुमारे ६० टक्के इलिनॉय या शिकागोच्या राज्याबाहेरून आल्या होत्या.

'पुरावा नाही' हे वाक्य आलं की थांबा

सीडीसीचा पैसा बंदूक-नियंत्रणाच्या प्रचाराला वापरायची मनाई करणाऱ्या १९९६ च्या डिकी दुरुस्तीनंतर सीडीसीचं या विषयावरचं संशोधन जवळजवळ ठप्प झालं. संसदेने २०२० च्या अंदाजपत्रकात सीडीसी आणि एनआयएच (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) मिळून २.५ कोटी डॉलर दिले तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. त्यामुळे बऱ्याच उपायांबद्दल अभ्यासच अपुरे आहेत, आणि अपुरा अभ्यास म्हणजे निष्फळ उपाय असं होत नाही. रँड या संस्थेने झालेले अभ्यास एकत्र करून प्रत्येक कायद्याच्या पुराव्याला प्रत दिली आहे. मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून ती कुलूपबंद ठेवायला लावणाऱ्या कायद्यांनी तरुणांच्या आत्महत्या आणि अपघाती मृत्यू घटतात, याला तिथे वरची प्रत आहे. माघार घेता येत असतानाही गोळी झाडायची मुभा देणाऱ्या 'स्टँड युअर ग्राउंड' कायद्यांनी बंदुकीचे खून वाढतात, यालाही तितकीच.

'मरायचंच ठरवलेला माणूस दुसरा मार्ग शोधेल' हा युक्तिवाद बंदूक कुलूपबंद ठेवण्याविरुद्ध हमखास येतो. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदुकीने केलेल्या प्रयत्नातून मात्र फार थोडे वाचतात. कुलूप उघडायला लागणारी काही मिनिटंसुद्धा मोलाची असतात, ती यामुळेच.