आडवे होऊन बाळाला पाजताना

ठाण्यातील लहान घरांत खाट बहुधा भिंतीला लावलेली असते. परंतु गादी आणि भिंत यांमधील फटीत बाळ अडकू शकते, म्हणून जमिनीवर, भिंतीपासून दूर अंथरलेली घट्ट गादी मला अधिक योग्य वाटते. आईने कुशीवर वळून पाठीशी लोड घ्यावा, बाळालाही पोटाला पोट लागेल असे कुशीवर घेऊन त्याचे नाक स्तनाग्रासमोर आणावे आणि त्याने मोठा आ करताच पाठीला आधार देत जवळ ओढावे. डोके मागून दाबू नये. हनुवटी स्तनाला टेकलेली, नाक मोकळे. उशा, गोधड्या आणि लोंबणारे मंगळसूत्र दूर असावे. पाजून झाल्यावर किंवा डुलकी येऊ लागताच बाळाला त्याच्या वेगळ्या अंथरुणावर उताणे निजवावे. सोफ्यावर आडवे होऊन कधीही पाजू नये.