दिव्यांग निवासासाठी मानद विश्वस्त निवडताना

महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी परवडणारी निवासव्यवस्था चालवणाऱ्या सार्वजनिक न्यासाने नवे विश्वस्त शोधण्यापूर्वी आपली घटना किंवा न्यासपत्र पुन्हा वाचावे, कारण विश्वस्तांची संख्या, मुदत आणि नेमणुकीची रीत बहुधा तिथेच ठरलेली असते. त्यानंतर मंडळात कोणते ज्ञान कमी पडते ते लिहून काढावे: वास्तुविशारद, मालमत्तेच्या व्यवहारांचा वकील, हिशेब समजणारी व्यक्ती. मात्र न्यासाच्या लेखापरीक्षकालाच विश्वस्त करू नये.

दिव्यांग व्यक्तींशिवाय असे मंडळ अपुरेच राहते, कारण व्हीलचेअर न्हाणीघरात कुठे अडते हे ती रोज वापरणाऱ्याला नकाशा पाहताच सांगता येते. त्यांना नुसते नावापुरते बसवणे मला अपमानास्पद वाटते. म्हणून बैठकीची जागा रॅम्प असलेली निवडावी, कागदपत्रे स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) वाचता येतील अशा स्वरूपात आधीच पाठवावीत आणि सांकेतिक भाषेच्या दुभाषाचा व मदतनिसाच्या प्रवासाचा खर्च अंदाजपत्रकात धरावा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या रहिवाशांच्या पालकांनाही विचारावे. ‘आमच्यानंतर काय’ हा प्रश्न त्यांच्याइतका कोणी जवळून पाहिलेला नसतो.

इच्छुकाला वेळेची आणि देणगीची अपेक्षा स्पष्ट सांगून एक-दोन बैठकांना निमंत्रित म्हणून बसवावे. बांधकाम व्यावसायिक असल्यास हितसंबंधांचे लेखी निवेदन घ्यावे. ठराव झाल्यावर, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 नुसार, 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा.