जिप्सीला ईपीएस बसवताय? मोटरला शिव्या देण्याआधी हे तपासा

जुनी जिप्सी किंवा जीप घ्यायची, रुंद टायर चढवायचे, आणि पार्किंगला खांदे निघाले की वॅगनआर, अल्टो नाहीतर आय-टेनचा इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा (ईपीएस) कॉलम, म्हणजे मोटर लावलेला स्टिअरिंगचा दांडा, भंगारातून आणायचा. बेत चांगला आहे. हायड्रॉलिकसारखा पंप नको, पट्टा नको, तेलाची गळती नाही. पण बसवल्यावर महिन्याभरात ईपीएसचा इशाऱ्याचा दिवा पेटतो, स्टिअरिंग मधेच दगड होतं आणि खापर फुटतं ‘सेकंडहँड मोटर’वर. मोटर बिचारी बहुतेक वेळा धडधाकट असते.

पहिला मान वायरिंगचा. नेहमीचा प्रसंग असा: गाडी दिवसा झकास चालते. पावसाळ्यात रात्री हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू, इंजिन आयडलला, आणि अरुंद गल्लीत यू-टर्न घेताना असिस्ट (मोटरची मदत) गायब. चावी बंद करून पुन्हा लावली की सगळं ठीक. मालक आधी ईसीयू (मोटर चालवणारा कंट्रोल बॉक्स) बदलतो, मग अख्खा कॉलम. फॉल्ट तिथल्या तिथे. शेवटी कोणीतरी मल्टिमीटर थेट ईसीयूच्या कनेक्टरवर लावतो, दुसरा स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवतो, आणि आकडा साडेनऊ व्होल्टवर आपटतो. त्याच क्षणी बॅटरीवर मात्र साडेबारा व्होल्ट!

कारण डॅशबोर्ड उघडला की दिसतं. वायरमनने इग्निशन स्विचवरून अडीच स्क्वेअर एमएमची वायर मारलेली, आणि अर्थिंग डॅशच्या रंगवलेल्या पत्र्यावर, स्क्रूने. गाडी उभी असताना हा कॉलम सहज ४० अँपिअर ओढतो. अडीचच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे सुमारे ७ मिलिओहम रोध असतो. तीन मीटर जायला, तीन यायला धरले तर ४० अँपिअरला पावणेदोन व्होल्ट वायरमध्येच जिरतात. वर स्विचचे जळके कॉन्टॅक्ट आणि रंगावरची अर्थिंग. ईसीयू कमी व्होल्टेज बघून हात वर करतो. त्याचं काही चुकत नाही. १० स्क्वेअर एमएमला हाच हिशेब अर्ध्या व्होल्टच्या आत बसतो.

म्हणून सवय एकच ठेवा: बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात बोल्टने बसणारा फ्यूज (मूळ गाडीत जेवढा असेल तेवढाच, ‘जरा मोठा’ नको), तिथून १० स्क्वेअरची वायर रबरी ग्रोमेटमधून थेट ईसीयूला. तेवढ्याच जाडीची अर्थिंग थेट बॅटरीच्या मायनसला. थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं टोपण) हातोडीने ठोकू नका, पकडीने क्रिम्प करा. इग्निशनवरून फक्त बारीक सिग्नलची वायर. गाडीत अजून डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर बसवा, मग पुढचं बोलू.

भंगारातून घेताना कॉलम, मोटर आणि ईसीयू एकाच गाडीचे घ्या, आणि कनेक्टर वायरीसकट, निदान फूटभर वायर सोडून कापून घ्या. दोन-चारशे रुपये वाचवायला नुसता कॉलम उचलणाऱ्यांना शुभेच्छा.

दुसरी लाडकी चूक ब्रॅकेटची. लोक समजतात, मोटर शाफ्ट फिरवते. ती जेवढ्या जोराने शाफ्टला फिरवते, तेवढ्याच जोराने स्वतःच्या घराला उलटं ढकलते. मूळ गाडीत तो जोर डॅशमागचा जाड क्रॉस मेंबर घेतो. जिप्सीत लोक दीड एमएमच्या पट्टीवर भागवतात. टोकापर्यंत स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि ब्रॅकेट जिथे बॉडीला भेटतो तिथे अंगठा ठेवा. अंगठ्याखाली हालचाल जाणवली तर वेल्ड तडकणारच, फक्त तारीख ठरायची आहे. निदान चार एमएमचा पत्रा, बोल्टच्या मागे बॅकिंग प्लेट, आणि आधार दोन ठिकाणी: फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आणि डॅशखाली आडव्या पाइपला.

वेल्डिंगचा विषय निघालाच आहे तर: कॉलम गाडीत ठेवून त्यावर आर्क मारू नका. हाताचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर बारीक टॉर्शन बारच्या (पिळल्या जाणाऱ्या सळईच्या) पिळावर चालतो. उष्णता आणि करंट दोन्ही त्याला चालत नाहीत. मग गाडी हात सोडताच स्वतःहून डावीकडे वळते आणि लोक अलाइनमेंट करत बसतात. लांबी जुळवायची तर खालचा मधला शाफ्ट बदला, तोही स्प्लाइनचा (खाचांचा) स्लीव्ह लेथवर करून घेऊन. शाफ्ट कापून टोकाला टोक लावून वेल्ड करणाऱ्याला गाडीच्या चाव्या देऊ नयेत.

त्याच शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) काटे एका रेषेत हवेत. ९० अंश चुकले की प्रत्येक फेरीत स्टिअरिंग दोनदा जड, दोनदा हलकं. एका क्रॉसवर ३० अंशांहून जास्त वाकवू नका. तीन क्रॉस लागत असतील तर मधे सपोर्ट बेअरिंग हवंच.

ईसीयूला गाडीच्या वेगाचा सिग्नल न देता बसवलं तर काही ईसीयू असिस्टच देत नाहीत, काही वेगातही पूर्ण देतात. ८० च्या वेगात बोटभर हालचालीने लेन बदलणारी जीप गंमत नाही. गिअरबॉक्सवर वेग मोजणारा पल्स सेन्सर बसवा. नॉबने असिस्ट कमी-जास्त करणारा कंट्रोलर घेतलाच तर हायवेला निघण्याआधी असिस्ट कमी करा, आणि नॉब गुडघा लागणार नाही अशा जागी ठेवा.

टोकाला स्टिअरिंग दाबून धरू नका, मोटर तापते आणि असिस्ट कमी होतो.

किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) जाम, टायरमध्ये हवा कमी, टाय रॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्याचे सांधे) गेलेले: यावर ईपीएस हे औषध नाही. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग सहज फिरत नसेल तर आधी ते दुरुस्त करा.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा, अपघातानंतर नव्हे.

पहिली फेरी फ्यूज काढून, मोकळ्या मैदानात, पहिल्या गिअरमध्ये घ्या. मोटर मेली तरी गाडी हाताने टोकापासून टोकापर्यंत वळली पाहिजे. वळताना कुठे अडकलं किंवा टक आवाज आला तर फ्यूज खिशातच राहू द्या.