नदी-तलावांची प्रदूषण-मर्यादा ठरवताना या चुका टाळा

इंदुरात कान्ह-सरस्वती नद्यांचा किंवा सिरपूर तलावाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट किती एमएलडीचा (दिवसाला किती दशलक्ष लिटरचा)? प्रश्न उलट्या टोकाने सुरू होतो. आधी विचारायचे ते हे, की हे पाणी वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवशी किती घाण पचवू शकते. तो आकडा हातात आला की तिथून मागे येत प्रत्येक नाल्याचा, सांडपाणी सोडणाऱ्या प्रत्येक नळाचा वाटा ठरवायचा. अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यातल्या कलम ३०३(डी) नुसार बिघडलेल्या नद्या-तलावांची यादी करून प्रत्येकासाठी असा 'एकूण कमाल दैनिक भार' काढावाच लागतो. आपल्याकडे भर आहे तो सोडलेल्या पाण्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम यावर. हिशेबाची रीत मात्र कुठल्याही ओढ्याला लागू पडते : एकूण भार म्हणजे नळातून येणारा वाटा, अधिक पसरून (शेते, रस्ते, गोठे यांवरून वाहून) येणारा वाटा, अधिक सुरक्षेसाठी राखलेली शिल्लक. चुका होतात त्या या तीन जागा भरताना.

मिलिग्रॅम पाहिले, किलो काढलेच नाहीत

सगळ्यात जास्त अहवाल इथेच फसतात. एका नाल्याचा बीओडी (घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) ८०, दुसऱ्याचा ४०. म्हणून ८० वाला आधी अडवला. पण पहिल्यातून दिवसाला २ एमएलडी पाणी येते आणि दुसऱ्यातून ३५. एमएलडीला मिग्रॅ/लि. ने गुणले की थेट किलो मिळतात : पहिला १६०, दुसरा १,४००. पैसा चुकीच्या नाल्यावर गेला.

प्रवाह मोजायला महागडे यंत्र लागतेच असे नाही. नाल्याचा सरळ, एकसारखा २० मीटरचा तुकडा निवडा. रुंदी मोजा, खोली किमान पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. पाण्यात संत्रे सोडा. ते अर्धे बुडून तरंगते, त्यामुळे वाऱ्याने फारसे भरकटत नाही. वेळ चार-पाचदा घ्या. पृष्ठभागावरचे पाणी खालच्यापेक्षा वेगाने धावते, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा. रुंदी ४ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर, २० मीटरला ५० सेकंद : वेग ०.३४ मीटर, प्रवाह सेकंदाला ०.४१ घनमीटर, म्हणजे साधारण ३५ एमएलडी (एक घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे ८६.४ एमएलडी). छोट्या नाल्यावर ९० अंशांची व्ही-खाच असलेली पत्र्याची आड (पाणी अडवणारी पाटी) लावली तर प्रवाह = १.३८ × उंचीचा २.५ वा घात (उंची मीटरमध्ये, प्रवाह सेकंदाला घनमीटरमध्ये). खाचेच्या टोकापासून पाणी २० सेंटिमीटर उंच असेल तर सुमारे २.१ एमएलडी. उंची आडेच्या अगदी तोंडाशी मोजू नका, तिथे पाणी खाली झुकलेले असते. मीटरभर मागे मोजा.

सांडपाण्याचा प्रवाह दिवसभर सारखा नसतो. सकाळी नळ सुटले की लोंढा, दुपारी ओहोटी. अकरा वाजता भरलेली एक बाटली म्हणजे त्या नाल्याचा दिवस नव्हे. चोवीस तास दर दोन तासांनी नमुना घ्यायचा आणि त्या-त्या वेळच्या प्रवाहाच्या प्रमाणात मिसळायचा.

बाटलीतच पाणी बिघडवले

फॉस्फरस मोजायची बाटली साबणाच्या पावडरीने धुतली तर मोजणी साबणाची होते. ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि मग शुद्ध पाण्याने धुवा. विरघळलेला फॉस्फरस हवा असेल तर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काठावरच गाळा. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत शेवाळ त्यातला बराचसा खाऊन टाकते. विरघळलेला ऑक्सिजन रासायनिक पद्धतीने मोजायचा तर ३०० मिलीची बाटली बुडबुडा न राहता भरून मॅंगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड तिथल्या तिथे घालायचे. बाकी नमुने बर्फाच्या पेटीत. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, आणि क्लोरीन दिलेले पाणी असेल तर तिच्यात सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले हवे. नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहते आणि अहवाल उगाच चांगला येतो.

हिरव्या तलावात दुपारी ऑक्सिजन १२-१४ मिग्रॅ/लि. दिसू शकतो, कारण शेवाळ उन्हात तो बनवत असते. तेच शेवाळ रात्रभर तो ओढते आणि पहाटे पाचला आकडा २ च्या खाली येतो. मासे मरतात ते पहाटे, नमुने भरले जातात ते कचेरीच्या वेळेत! सूर्योदयाआधीचा एक आकडा दुपारच्या दहा आकड्यांपेक्षा मोलाचा.

एकके तपासा. फॉस्फेट म्हणून दिलेला आकडा फॉस्फरसच्या ३.०६ पट असतो, नायट्रेट म्हणून दिलेला नायट्रोजनच्या ४.४३ पट. दोन प्रयोगशाळांचे अहवाल एकाच तक्त्यात घालताना हा घोळ हमखास होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तसेच आपला बीओडी २७ अंशांवर तीन दिवसांचा, अमेरिकेतला २० अंशांवर पाच दिवसांचा. परदेशी सूत्र उचलताना हे पाहून घ्या.

बीओडी उतरला, अमोनिया विसरला

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत अंघोळीच्या पाण्याला बीओडी ३ पर्यंत आणि ऑक्सिजन ५ किंवा जास्त लागतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पांसाठी बीओडी १० चा आग्रह धरला. म्हणून १० आला की काम झाले असे मानतात.

समजा, १०० एमएलडीचा प्रकल्प बीओडी १० ने पाणी सोडतो : १,००० किलो. त्याच पाण्यात अमोनियाचा नायट्रोजन १५ असेल तर १,५०० किलो. एक किलो अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे जवळजवळ ६,९०० किलो. नदीचा श्वास कोंडणारा खरा गडी हा, आणि तीन दिवसांच्या चाचणीत तो बहुतेक दिसतच नाही. शिवाय पाण्याचा सामू (पीएच) ९ कडे सरकला की अमोनियाचा विषारी, मुक्त भाग झपाट्याने वाढतो. मर्यादा घालताना बीओडी, अमोनिया आणि फॉस्फरस यांना वेगवेगळे किलो द्या.

आता पातळ करण्याचा हिशेब. प्रकल्पातून बाहेर पडणारे १० बीओडीचे १०० एमएलडी पाणी नदीत ३ वर आणायचे असेल तर २ बीओडीचे स्वच्छ पाणी ७०० एमएलडी लागेल. मे महिन्यात कान्हमध्ये ते येणार कुठून? इंदूर जलूदहून उपसलेले नर्मदेचे पाणी पिते, आणि तेच वापरून झालेले पाणी उन्हाळ्यात कान्हमधून क्षिप्रेकडे, पुढे चंबळेकडे जाते. नर्मदेचे पाणी असे गंगेच्या खोऱ्यात उतरते. नदीत मूळचा प्रवाह धरून काढलेली मर्यादा अशा नदीला निरर्थक आहे. इथे प्रकल्पाचे बाहेरचे पाणी हीच नदी मानून चालायचे.

लक्ष्य आपल्या हद्दीपुरते ठेवले

कान्ह उज्जैनच्या त्रिवेणीजवळ क्षिप्रेला मिळते आणि तिथून पुढे स्नानाचे घाट आहेत. २०२८ चा सिंहस्थ तोंडावर आहे. त्यामुळे कान्हची मर्यादा इंदुरातल्या पुलाखाली पाणी कसे दिसते यावर नव्हे, तर संगमाखाली क्षिप्रेत बीओडी ३ आणि मलजन्य जंतू १०० मिलीत ५०० राहतील (कमाल २,५००) यावर ठरायला हवी. पाणी वळवून घाटांना टाळले तर भार कमी होत नाही, त्याचा पत्ता बदलतो.

एकच हंगाम धरला

ऑक्सिजनची वाईट वेळ उन्हाळ्यात : पाणी कमी, तापमान जास्त, आणि कोमट पाण्यात ऑक्सिजन विरघळतो कमी. फॉस्फरस, गाळ आणि जंतूंची वाईट वेळ पहिल्या जोरदार पावसात, जेव्हा रस्ते, गटारे, गोठे आणि उकिरडे एकदम धुऊन निघतात. त्या दिवशी पहिल्या तासात दर पंधरा-वीस मिनिटांनी नमुना घेतला नाही तर प्रदूषणाचा सर्वोच्च आकडा हुकतो. एकच वार्षिक सरासरी काढली की दोन्ही वाईट वेळा पुसल्या जातात. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २००६ मध्ये अनाकोस्टिया नदीच्या प्रकरणात, वार्षिक आणि हंगामी मर्यादा चालणार नाहीत, दैनिक म्हणजे दररोजचा, असे बजावले होते.

जंतूंची सरासरी काढताना वेगळी काळजी. ४००, ६००, ५००, ९०० आणि ९०,००० यांची साधी सरासरी १८,४८० येते, भूमितीय (पाचांचा गुणाकार करून त्याचे पाचवे मूळ) सुमारे १,५७५. मर्यादेसाठी भूमितीय घ्या, पण ९०,००० चा दिवस वेगळा लिहून ठेवा. ती गळती असते.

तलावाला नदीचे सूत्र लावले

नदी भार पुढे ढकलते, तलाव साठवतो. तलावातल्या शेवाळाला बहुतेक वेळा फॉस्फरस हाच लगाम. तलावांचे अभ्यासक फोलेनवायडर यांच्या सूत्राने अंदाज येतो : तलावातली फॉस्फरसची तीव्रता = आत येणाऱ्या पाण्यातली तीव्रता भागिले (१ + पाणी राहण्याच्या वर्षांचे वर्गमूळ).

समजा, तलावात ३० लाख घनमीटर पाणी मावते आणि वर्षाला ६० लाख घनमीटर येते. पाणी अर्धे वर्ष राहते, वर्गमूळ ०.७०७. तलावात ०.०३ मिग्रॅ/लि. हवे असेल तर येणाऱ्या पाण्यात ०.०५१ चालेल, म्हणजे वर्षाला सुमारे ३०७ किलो. दहा टक्के शिल्लक राखली की वाटायला २७६ उरतात, दिवसाला पाऊण किलो. सांडपाण्याच्या आराखड्यांत माणशी दिवसाला ०.८ ग्रॅम फॉस्फरस धरतात. म्हणजे गटार न जोडलेल्या साडेनऊशे माणसांचा मैला आत आला की सगळा कोटा संपला! तलावाकाठच्या एका कॉलनीला तेवढे पुरेसे आहे.

हे सूत्र समशीतोष्ण देशांतल्या तलावांवरून बसवलेले आहे. माळव्यातले तलाव उथळ आणि चार महिन्यांत भरणारे. पावसाळ्यात पाणी काही आठवड्यांत सांडव्यावरून निघून जाते, नंतर महिनोन् महिने हलत नाही. म्हणून उत्तर पहिला अंदाज समजा आणि वर्षभराच्या मोजणीने दुरुस्त करा.

तळाचा गाळ धरायचा राहिला तर मात्र हिशेबच कोसळतो. तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातल्या लोखंडाला चिकटलेला फॉस्फरस सुटतो. आत्ताच हिशेब केलेल्या तलावात ६० हेक्टर तळ उन्हाळ्याचे ९० दिवस गुदमरला आणि दर चौरस मीटरमधून दिवसाला ५ मिलिग्रॅम सुटले, तर २७० किलो होतात; वर्षाच्या कोट्याइतके. नाले सगळे बंद करूनही तलाव हिरवाच का, याचे उत्तर बहुधा इथे असते. गाळाच्या वरच्या थराचे तुकडे नळीने काढून तपासा, मगच तो उपसायचा की नाही ते ठरवा. आंधळेपणाने उपसलेला गाळ काठावर टाकला तर पहिल्या पावसात परत आत येतो. कारंजी लावून मर्यादा पाळल्याचे दाखवणे ही निव्वळ सजावट. सिरपूर आणि यशवंतसागर २०२२ पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आहेत, तिथे तरी रोषणाईआधी गाळाचा तक्ता हवा.

वाटणीत सोपे ते पकडले

सगळी कपात मैलापाणी प्रकल्पावर लादतात, कारण त्याला दार आहे आणि मीटर आहे. गोठे, सेप्टिक टँकचे टँकर, शेतातले खत, रस्त्याचे पाणी यांच्यापुढे शून्य लिहिले जाते. उलटही घडते : अडवलेला नाला एकदा नाला म्हणून आणि पुन्हा प्रकल्पाच्या आवकेत मोजला जातो. प्रत्येक नाल्यापुढे तारीख घालून 'जोडला', 'अर्धवट', 'पावसात वाहतो' असा शेरा ठेवा. येत्या दहा-वीस वर्षांच्या वस्तीसाठी काही किलो बाजूला ठेवा. नवी कॉलनी आली आणि कोटाच उरला नाही, तर मोडली जाते ती मर्यादाच.

'आढळले नाही' याचा अर्थ शून्य नाही. चाचणीची किमान मर्यादा ०.०५ असेल तर त्या आकड्यावर ०.०३ चे लक्ष्य तपासताच येत नाही. प्रयोगशाळा आधी बदला.

मर्यादा पाळूनही पाणी सुधारत नाही तेव्हा

दोन पुलांमधला ताळा घ्या. वरच्या पुलावरचे किलो, अधिक मधल्या ज्ञात नाल्यांचे किलो, वजा वाटेत पचणारे, बरोबर खालच्या पुलावरचे किलो. खाली वीस टक्क्यांहून जास्त आले तर मध्ये काहीतरी लपलेले आहे. ते शोधायला विद्युतवाहकता मोजणारा हातातला मीटर पुरतो, कारण सांडपाण्यात विरघळलेले क्षार जास्त असल्याने त्याची वाहकताही जास्त असते. तो १,४१३ मायक्रोसीमेन्सच्या (वाहकतेचे एकक) द्रावणावर जुळवून घ्या, कोरड्या दिवसांत सकाळी सहाला निघा, दर दोनशे मीटरला मोजा. आकडा अचानक उडी मारतो तिथे थांबा आणि दोन्ही काठ वेगळे मोजा, कारण नाल्याचे पाणी बरेच अंतर एकाच काठाने वाहत जाते. ज्या काठाचा आकडा जास्त, त्या काठाने वर चाला. तोंड बहुधा भिंतीआड, झुडपात किंवा पाण्याच्या पातळीखाली सापडते.